कपाटाची किल्ली कोणाकडे?



प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला, हा प्रसंग संत लूकच्या शुभवर्तमानातून आपण अनेकदा ऐकला आहे. आपले लक्ष साहजिकच येशूकडे असते. पण त्या प्रसंगात आणखी एक माणूस आहे. तो सभास्थानाचा सेवक. त्याचे नाव कुठेही आलेले नाही. येशूच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी देण्यात आली आणि वाचून झाल्यावर त्याने ती या सेवकाकडे परत केली. त्या काळी हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या फार महाग असत. सुताराच्या घरी त्या असणे कठीणच. गावाने त्या विकत घेतल्या, कोणीतरी जपल्या आणि वेळ येताच वाचणाऱ्याच्या हाती दिल्या. त्या सेवकाला आजच्या भाषेत ग्रंथपाल म्हणायला हरकत नाही!

हा सेवक आज आठवण्याचे कारण आपल्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या शाळा. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे सांगितले आहे. म्हणजे पुस्तक ही मुलावर केलेली मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. पण अनेक ठिकाणी हा हक्क कपाटात बंद असतो. आपण गुरुजींना दोष देऊ नये. दोन शिक्षकांची शाळा, चार-पाच इयत्ता, आणि पुस्तक हरवले तर जबाब त्यांनीच द्यायचा. मग कपाटाला कुलूप लागते आणि पुस्तके कोरी करकरीत राहतात.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. १९९८ साली जॉन वुड नावाचा एक अमेरिकन गृहस्थ नेपाळच्या डोंगरात फिरायला गेला. तिथल्या एका शाळेत त्याला ग्रंथालय दाखवण्यात आले. प्रवाशांनी मागे टाकलेली मोजकी परदेशी पुस्तके कुलपात होती. मुलांनी फाडू नयेत म्हणून! पुढच्या वर्षी तो पुस्तकांची ओझी जनावरांच्या पाठीवर लादून परत आला. त्यातून 'रूम टू रीड' ही संस्था उभी राहिली आणि तिने अनेक गरीब देशांतल्या शाळांत ग्रंथालये सुरू केली. पण या लोकांना लवकरच एक धडा मिळाला. परदेशातून आणलेली इंग्रजी पुस्तके पुरेशी नव्हती. मुलांना त्यांच्या भाषेतली, त्यांच्या ओळखीच्या जगातली पुस्तके हवी होती. तेव्हा संस्थेने स्थानिक भाषांत पुस्तके छापायला घेतली.

आता आपल्या शेजारच्या एखाद्या कातकरी वाडीतले मूल डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की त्याचे आईवडील वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघतात. मूलही बरोबर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. घरात वाचणारे कोणी नाही, घरची बोली पुस्तकाच्या मराठीहून वेगळी. अशा मुलापुढे पुस्तकांनी भरलेले कपाट सताड उघडे केले, तरी ते पुस्तक उचलेल का?

याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांत आहे. इथिओपियाचा एक मोठा अधिकारी यरुशलेमहून गाझाच्या वाटेने रथात बसून चालला होता. त्याच्या हातात यशयाचाच ग्रंथ होता. पैसा होता, ग्रंथ होता, वाचताही येत होते. तरी अर्थ लागत नव्हता. फिलिप धावत रथापाशी गेला आणि त्याने समजते का असे विचारले. कोणी सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे त्या अधिकाऱ्याने मोकळेपणाने कबूल केले आणि फिलिपला वर येऊन शेजारी बसायला सांगितले. बंधू-भगिनींनो, ग्रंथालय खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते, जिथे कोणीतरी शेजारी बसते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हेच दिसते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणी पुस्तक वाचून शिकत नाही. जाणत्या कारागिराशेजारी बसून शिकणाऱ्याचा हात स्थिर होतो. वाचनाचेही तसेच आहे.

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. सोप्या मराठीत तूच का लिहीत नाहीस, असे तिने मुलाला सुचवले. आई १९१८ साली गेली. तिची इच्छा मात्र मुलाने मनात जपली आणि पुढे 'गीताई' लिहिली. याच विनोबांनी आपल्या शुभवर्तमानाचाही आदराने अभ्यास केला आणि ख्रिस्ती शिकवणुकीचे सार संकलित केले. आणि रोहेकर ज्यांना आपले मानतात, ते डॉ. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यानंतर १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा त्याचे मानद अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. देशाचा खजिना सांभाळलेल्या माणसाला सामान्यांच्या हाती स्वस्त पुस्तक पोचवणे कमी मोलाचे वाटले नाही.

हे काम मोठ्या माणसांनीच करावे असेही नाही. सत्यनारायण मुंडयूर यांनी १९७९ साली मुंबईतली सरकारी नोकरी सोडून अरुणाचल प्रदेश गाठला. तिथे ते मुलांचे 'अंकल मूसा' झाले आणि खेड्यापाड्यांत ग्रंथालये उघडत राहिले. मुलांसमोर मोठ्याने वाचणे, गोष्ट करून दाखवणे आणि मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवणे, ही त्यांची रीत. नाशिकमध्ये २००९ साली विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केले. पुस्तकांची पेटी वाचकांच्या वस्तीत जाते आणि वाचून झाली की दुसरीशी बदलली जाते. कपाट नको, इमारत नको. एक पेटी आणि ती सांभाळणारे एक माणूस पुरते.

मग आपल्या धर्मग्रामाने काय करावे? घरातली रद्दी काढून शाळेला देऊ नये. जुनी गाइडे आणि किचकट इंग्रजी पुस्तके म्हणजे दान नव्हे, अडगळ. मोठ्या अक्षरांची, चित्रांची, चांगल्या मराठीतली पन्नास पुस्तके आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. मुख्याध्यापकांना आधी भेटावे, हरवलेल्या-फाटलेल्या पुस्तकांची भरपाई आम्ही करू, असा शब्द द्यावा. कुलूप उघडायला तो शब्द उपयोगी पडेल. आठवड्यातून एक तास जाऊन वाचून दाखवावे. पुस्तक मुलाने स्वतः निवडावे. वाडीतली आजी तिच्या बोलीत गोष्ट सांगत असेल, तर तिलाही बोलवावे. जे कुटुंब भट्टीवर निघेल, त्याच्या बोचक्यात दोन पुस्तके द्यावीत. ती परत आली नाहीत तरी चालेल. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. आपण तिथे कोणाचा धर्म बदलायला जात नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पाळायला जातो.

निवृत्त शिक्षक, कारखान्यातून निवृत्त झालेले बांधव, दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत असलेली मुले-मुली, आपल्यापैकी प्रत्येकाकडे आठवड्याचा एक तास नक्की आहे. पैसे देणे सोपे असते. शेजारी बसणे अवघड असते, कारण त्यात आपण स्वतः द्यावे लागतो.

प्रार्थना करू या : हे प्रभू, तुझ्या हाती ग्रंथ सोपवणाऱ्या त्या गावाची आठवण आम्हांला राहू दे. आमच्या डोंगरपाड्यांवरच्या एकाही लेकराच्या वाट्याला कुलूप येऊ देऊ नकोस. फिलिपप्रमाणे धावत जाण्याचे पाय आणि शेजारी बसण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.