अंतराळातील काशीयात्रा

पेशवाईच्या उतरत्या काळात, 1803 साली इंग्रजांशी तह करून सालीना सात लक्ष रुपयांची नेमणूक पत्करणारे आणि पुण्याच्या दरबारी राजकारणातून कायमचे अंग काढून उत्तरेस गेलेले अमृतराव, म्हणजे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र, 1824 साली काशीतच निवर्तले. त्यांच्या नावाच्या घाटाला लोक आज राजाघाट म्हणतात. त्यांचा हा काशीवास होता, काशीयात्रा नव्हे. आमच्याकडचा सामान्य यात्रेकरू गंगाजलाचा सीलबंद गडू घेऊन परतावयाचा, घरी मावंदे घालावयाचा, आणि पंक्तीला बसलेल्या सोयऱ्याधायऱ्यांना ते जल वाटून झाल्यावरच त्याची यात्रा सुफळ संपूर्ण व्हावयाची.

मनुष्याच्या अंतराळगमनाविषयी सध्या ज्या आशा बोलून दाखविल्या जातात, त्यांत काशीवासाचीच हौस अधिक दिसते. मंगळावर वसाहत करावी, पृथ्वी राहण्याजोगी न उरल्यास दुसरे घर तयार असावे, असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी परतीचा हिशेब मांडलेलाच नसतो. मंगळाकडे निघण्याचा अनुकूल योग सुमारे 26 महिन्यांनी येतो, आणि तेथून परतावयाचे झाले तरी असाच योग साधावा लागतो. मध्येच कोणी आजारी पडला म्हणून यान वळविता येत नाही. मला तरी ही आशा म्हणजे थकलेल्या संस्थानिकाची निवृत्ती वाटते.

परतीचा हिशेब मांडणारेही काशीतच झाले. राजाघाटावरून प्रवाहाबरोबर उत्तरेस गेले की मानमंदिर ही वेधशाळा लागते. तेथील वेधयंत्रांचे वर्णन ज्यांनी लिहिले ते बापूदेवशास्त्री महाराष्ट्रातून आलेले. 1842 पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकविताना सूर्यसिद्धांताबरोबरच पाश्चात्य गणितही त्यांनी शिष्यांपुढे ठेविले. त्यांच्याही आधी गोदातीरीच्या गोलग्रामाहून आलेल्या दैवज्ञ घराण्यातील कमलाकराने 1658 साली येथेच सिद्धांततत्त्वविवेक रचला. ग्रह पुन्हा त्याच स्थानी येतो केव्हा, हाच आकाश मोजणाऱ्या या मंडळींचा नित्याचा प्रश्न होता.

परतणे हेच अंतराळगमनाचे अवघड अंग आहे. 1971 साली सोयुझ 11 यानाचे तिघे अंतराळवीर कोशातील हवा निघून गेल्याने उतरताना दगावले. 2003 साली कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी भूमीपासून काही मिनिटांच्या अंतरावर असता गेले. म्हणून अंतराळवीर शुभांशु शुक्ला 15 जुलै 2025 रोजी पॅसिफिक समुद्रात सुखरूप उतरले, ती वार्ता मला त्यांच्या उड्डाणाहून मोलाची वाटते. भारहीनतेत हाडांची घनता महिन्याला सुमारे एक टक्का घटते. परतलेल्या देहांवर झालेले हे मोजमाप आमच्या पंक्तीतल्या झिजलेल्या म्हाताऱ्यांच्याही उपयोगी पडावे, ही माझी अपेक्षा. गंगाजल वाटावे तसे ते वाटले जावे.

भारताच्या गगनयानाची माणसे 400 किलोमीटर उंच जातील व समुद्रात उतरतील, अशी योजना आहे. 21 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून तिची जी पहिली मोठी चाचणी झाली, तीत माणूस वर नेण्याची परीक्षा नव्हतीच. वाहन बिघडले तर कोश दूर फेकून छत्र्यांच्या आधारे खाली कसा आणावा, एवढेच पाहावयाचे होते. गणती संपावयास पाच सेकंद उरले असता संगणकाने उड्डाण रोखले, दोष शोधून दहा वाजता वाहन सोडले, आणि रिकामा कोश बंगालच्या उपसागरात पडला, पण पालथा. नौदलाने तो तसाच बाहेर काढला. तो पालथा पडला तर आतील माणसांसह आपोआप उलथावा कसा, हा प्रश्न अभियंत्यांनी पुढील कामाच्या यादीत घातला, आणि चंद्रावरच्या वस्तीच्या कोणत्याही नकाशापेक्षा मला त्या यादीचाच भरवसा अधिक आहे.