बेण्याचे कांदे

पौषात माटुंग्याच्या बाजारातून सांबाराचे कांदे आणले. बोराएवढे, गुलाबीसर, तमिळ घरांत त्यांना चिन्न वेंगायम म्हणतात. त्यांतले बारा बाजूला काढून खिडकीतल्या कुंड्यांत टोचले, शेंडा वर ठेवून. चैत्रात पात पिवळी पडली, माना मोडल्या. माती सैल करून पहिला गड्डा उपसला तर हातात सात कांदे आले. मी लावलेला कांदा मात्र त्यांत कुठेच नव्हता.

आपला नाशिकचा कांदा असा वागत नाही. कोंब आलेला कांदा मातीत लावला की तो पात देतो, मग डेंगळा येतो, पांढरा गोंडा फुलतो, काळं बी धरतं आणि झाड संपतं. हा धाकटा कांदा सहसा बियांच्या वाटेला जात नाही. त्याच्या पोटात, बुडाशी, कितीतरी अंकुर आधीपासून बसलेले असतात. ओल मिळाली की प्रत्येक अंकुर स्वतःची पात धरतो, मुळं धरतो, आणि जुनं अंग त्यांना पुरवता पुरवता आटून जातं. एक तपकिरी पापुद्रा तेवढा उरतो. तो मी बराच वेळ बोटांत धरून होते.

म्हणजे ही सात त्याची मुलं नव्हेत, तो स्वतःच सात ठिकाणी आहे. आणि तमिळनाडूच्या कुठल्याशा शेतात, कुणास ठाऊक किती पिढ्यांपूर्वी लावलेला कांदाच आज माझ्या कुंडीत आहे. पण तो आपल्या बळावर इथवर आलेला नाही. दर खेपेला कुणीतरी काढलेल्या ढिगातले चांगले भरलेले कांदे निवडून, न खाता ठेवले. आपण ऊस-हळदीचं बेणं ठेवतो तसे.

मीही एक जुडी पातीनेच बांधून खिडकीशी टांगली. आषाढात कांदेनवमी आली. सासूबाई चातुर्मास पाळतात, त्यामुळे त्या दिवशी भजी झाली, कांद्याची थालीपिठं झाली, टोपली रिकामी झाली. संध्याकाळी त्यांची नजर जुडीकडे गेली.

“हे गं?”

“बेण्याचे आहेत.”

त्यांनी जुडी उतरवली, एकेक कांदा चाचपला, मऊ पडलेले दोन काढून घेतले आणि बाकीची जुडी जरा वर, जास्त वारा लागेल अशी बांधली.