मालकाचे पैसे आले म्हणजे
घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथें जुन्या इमारती पाडून नव्या उभारीत आहेत. मोठा ठेकेदार लादी, गिलावा हीं कामें पोटठेकेदारांस देतो. काम संपून पैसे मागितले असतां म्हणतो, ‘मालकाकडून आले म्हणजे देईन.’ करारांतहि पुष्कळदां तसेंच असतें. सही केली, मग तक्रार कसली? असें कोणी विचारील. पण मालक निवडला कोणी? पोटठेकेदारानें बहुधा त्याचें तोंडहि पाहिलेलें नसतें. नाक्यावरून आणिलेल्या मजुरांस मात्र मजुरी द्यावीच लागते. मोठ्या ठेकेदाराची अडचण खरी असेल. परंतु ती त्यानें फायद्याच्या आशेनें पत्करिली आहे. आमच्याकडे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानें बुडालेल्या मजुरीचा भार मूळ मालकावर घातला. पोटठेकेदाराच्या येण्याविषयीं त्यांत कांहीं नव्हतें. इंग्लंडांत 1996 च्या कायद्यानें, मालकाचें दिवाळें निघाल्याखेरीज, ही अटच निष्फळ ठरविली.