मागचा दांडा

लेकराला मदत करावी का, असं कुणी विचारलं तर लोक हसतील. करावीच की! पण किती आणि कुठवर, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पुस्तकातलं उत्तर मला देता यायचं नाही. पण नातीची तीनचाकी सायकल आली आणि हा सवाल आमच्या अंगणातच येऊन उभा राहिला.

आमच्या वेळी पांगुळगाडा असायचा. गावचा सुतार लाकडाचा करून द्यायचा. त्यालाही चाकं तीनच. पोर त्याला धरून उभं राहायचं नि ढकलत चालायचं. गाडा आधार द्यायचा, पण पाऊल पोरानंच टाकायचं. पोर थांबलं की गाडा थांबला.

नातीची सायकल निराळी. मागं लांब दांडा, मोठ्या माणसानं ढकलायला. तिला चेन नाही. पायडल थेट पुढच्या चाकालाच बसवलेलं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. मागून ढकललं की ते गरागरा फिरतं नि लेकराच्या पायाला फटके देतं. मग लेकरू काय शिकतं? दोन्ही पाय वर उचलून धरायला शिकतं! येणारा जाणारा जो तो प्रेमानं ढकलायचा आणि नात पाय वर करून राणीसारखी बसायची. गाडी पळत होती, पण ती चालवत नव्हती.

मी पाना घेतला नि दांडा काढून ठेवला. आमच्या मंडळी म्हणाल्या, "अवो, कशाला काढला? किती हसत हुती पोर!"

पोर रुसली खरी. मग जमिनीला पाय रेटत बदकासारखी निघाली. दोन दिवसांनी पाय पायडलवर गेले, तर सायकल उलटी मागं! मग पायडल नेमकं वर येऊन अडायचं. तिथं कितीही दाबा, चाक हलत नाही. आधी जरा पुढं सारावं लागतं. मी हात लावायला वाकलो की माझा हात झटकून म्हणायची, "मी!" अडीच वर्षांचं लेकरू, पण त्या एका शब्दात केवढा हक्क होता! आठ-दहा दिवसांनी ओट्यापासून तुळशीपर्यंत एकटी गेली.

मला वाटतं, पुष्कळदा आपण मदत करतो ती आपल्या घाईपायी. लेकराची धडपड आपल्यालाच बघवत नाही. आंब्याच्या कलमाला आपण काठी बांधतो, ती सैल बांधतो. वाऱ्यानं रोप थोडं हललं पाहिजे, तेव्हाच बुंधा भरतो. करकचून बांधलं तर शेंडा वर जातो नि बुंधा बारीक राहतो.

म्हणून आधार देऊच नये का? तसंही नाही. दोडक्याच्या वेलाला मांडव शेवटपर्यंत लागतो. त्याला "उभा राहा आपल्या बळावर" म्हणणं हा अडाणीपणा. माणसांतही कुणाला जन्मभर हात लागतो, तो द्यावा, आणि उपकार म्हणून देऊ नये. कलम कुठलं नि वेल कुठला, हे ओळखायला मात्र जवळ बसून बघावं लागतं.

आणि हात सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. आमचं अंगण रस्त्याकडं उताराचं. दांडा काढला त्याच दिवशी फाटकाला कडी घातली, खुरपी-विळे उचलले, दगड वेचले. तीन चाकं असली तरी वेगात वळवली की सायकल कलंडते, म्हणून रोज ओट्यावर बसून राहिलो. वाट राखणं हे आपलं काम. चाक फिरवणं तिचं.

हे सगळं लेकरापुरतं असतं तर सोपं होतं. आता साठी उलटल्यावर मुलगा म्हणतो, "आबा, तुम्ही बसा, मी करतो." पाण्याची पाळी तो धरतो, बाजार तो करतो. मायेनंच करतो, त्याला बोल लावायचा नाही. पण माणूस नुसता बसला की त्याचेही पाय हळूहळू पायडलवरून उचलले जातात. म्हणून त्याला सांगितलंय, "बाबा, विहिरीच्या काठाला कठडा बांध, रात्री बॅटरी हातात दे. पण पाण्याची एक पाळी माझी राहू दे."

तो अजून हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.