प्रेक्षकाची जबाबदारी

कलाकृतीपुढें बसलेला मनुष्य केवळ पाहतो, करीत कांहींच नाहीं, असें आपण फार काळ धरून चाललों आहों. आपल्या साहित्यशास्त्रानें त्याला सहृदय म्हणून गौरविलें, रसास्वादाचा मोठा अधिकारहि दिला. पण रंगभूमीवर चढून नाटकांत हात घालण्याचा अधिकार दिला नाहीं. तो दिल्यास काय होतें, याचें एक उत्तर १९७४ सालीं इटालींतील नेपल्स शहरीं मिळालें.

युगोस्लाव्हियांत जन्मलेली कलावती मरीना अब्रामोविच ही तेथील एका चित्रशाळेंत सहा तास निश्चल उभी राहिली. शेजारीं मेजावर ७२ वस्तु मांडलेल्या होत्या: गुलाब, पीस, मध, तशीच कात्री, शस्त्रवैद्याची सुरी, एक पिस्तूल व एक गोळी. यांपैकीं कोणतीहि वस्तु आपल्यावर हवी तशी वापरावी, सारी जबाबदारी आपली, अशी लेखी सूचना तिनें दिली होती. आरंभीं लोक भिडस्तपणें वागले. पुढें भीड चेपली. तिचीं वस्त्रें कापलीं गेलीं, अंगावर जखमा झाल्या, आणि अखेर भरलेलें पिस्तूल तिच्याच हातीं देऊन तिच्या मानेवर रोखण्यांत आलें. तेव्हां मात्र प्रेक्षकांत दोन तट पडून झटापट झाली व तें दूर करण्यांत आलें.

जमाव म्हणजे पशु, असा निष्कर्ष यावरून काढणें सोपें आहे. आम्हांस तो पटत नाहीं. ज्यांनीं पिस्तूल दूर केलें तेहि त्याच जमावांतले होते. 'जबाबदारी माझी' हें वाक्य कोर्टांत कदाचित् उपयोगीं पडेल, पण त्यानें कृत्याचा कर्ता बदलत नाहीं. यजमान 'घर आपलेंच समजा' म्हणतो, म्हणून पाहुणा त्याचीं भांडीं फोडीत नाहीं!

आमचें मन अडतें तें तिसऱ्या वर्गापाशीं. ज्यांनीं कात्री उचलली नाहीं, आणि उचलणाऱ्याचा हातहि धरला नाहीं, त्यांस काय म्हणावें? ते म्हणतील, तिच्या इच्छेंत ढवळाढवळ करणारे आम्ही कोण? हा आक्षेप पोकळ नाहीं. अन्यत्र अशा संयमालाच आपण रसिकता म्हणतों. पण जेथें प्रत्येकास हात लावण्याची मुभा आहे तेथें हात न लावणें हीहि एक कृतिच ठरते, आणि आम्ही तेथें असतों तर बहुधा याच वर्गांत उभे असतों, हें कबूल केलें पाहिजे.

सहा तास संपतांच ती हलली व प्रेक्षकांच्या दिशेनें चालूं लागली. लोक तिची नजर चुकवून पळाले, असें ती सांगते.