कोणते दल निवडावे?

अनगोळच्या मुलांना सैन्य परके नाही. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे आणि सांबऱ्याला हवाई दलाची शिक्षणसंस्था आहे. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की आपल्या मंडळीतल्या घरांतूनही प्रश्न निघतो: भूदल, नौदल की हवाई दल?

उत्तरे बहुधा व्यवहाराची असतात. गणित व भौतिकशास्त्र घेतलेल्यास तांत्रिक कामांची दारे उघडी असतात; भूदलाच्या सर्वसाधारण भरतीस दहावी पुरते. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा नेमणूक चार वर्षांची व पुढे शेकडा पंचवीसपर्यंतच जवान ठेवावयाचे असे ठरले. म्हणून चार वर्षांनंतर पोटाला उपयोगी पडेल असे काम कोणत्या दलात शिकावयास मिळेल, हे वडील पाहतात. त्यात गैर काही नाही.

परंतु ख्रिस्ती घरात आणखी एक विचार हळूच बोलला जातो. आई म्हणते, "पायदळात नको रे बाबा. समोरच्याला मारावे लागते. जहाजावर जा, विमानांच्या दुरुस्तीला जा." मुलगा सुखरूप राहावा ही आईची इच्छा स्वाभाविकच आहे. पण दूर राहिल्याने हात स्वच्छ राहतात काय?

दावीद राजाने उरियाला हातही लावला नव्हता. त्याने यवाबास एक पत्र धाडले, एवढेच. उरिया वेशीपाशी लढाईत पडला, राजा यरुशलेमेत होता. तरी नाथान संदेष्ट्याने दोष दाविदाच्याच पदरी घातला (२ शमुवेल ११ व १२). देवाच्या न्यायात अंतर मोजले जात नाही. बंदूक चालवणारा, तोफेला दारूगोळा पुरवणारा व विमान सज्ज करणारा हे एकाच कामाचे भागीदार आहेत.

तसेच जीव वाचवणे व जीव घेणे यांची वाटणीही दलांप्रमाणे होत नाही. मराठा पलटणीचे नामदेव जाधव हे ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी लढत होते. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून, पाण्यातून व सुरुंगांतून पलीकडे पोचविले. मग मागे फिरून शत्रूची तीन मशीनगन ठाणी नष्ट केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन्ही कामे त्याच हातांनी, त्याच दिवशी झाली.

म्हणून पहिला प्रश्न 'कोणते दल' हा नव्हे. मी शस्त्र धरावे काय, हा पहिला प्रश्न आहे. ज्याचे मन देवापुढे 'नाही' म्हणते, त्याला दल बदलून समाधान मिळणार नाही. त्याने दुसरी सेवा शोधावी, आणि त्याला कोणी भित्रा म्हणू नये. क्वेकर व मेनोनाइट बंधूंनी ही भूमिका शतकानुशतके सोसून पाळली आहे.

ज्याचे मन 'होय' म्हणते, त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेले शिपाई आठवावेत (लूक ३:१४). त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही, पलटण बदलावयासही नाही. जुलमाने पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात तृप्त राहा, असा त्याचा बोध होता. हातात बळ आले की दुर्बळाशी कसे वागतोस, ही कसोटी पायदळात आहे, जहाजावर आहे, विमानतळावरही आहे. एवढे पक्के झाल्यावर मग आपला कल, विद्या व प्रकृती पाहून खुशाल दल निवडावे. शरीराला जसा डोळा हवा तसा पायही हवा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. साडेसतराव्या वर्षी मुलगा भरतीचा अर्ज करू शकतो. शपथ घेतल्यावर हुकूम पाळावा लागतो. विचार करावयाचा तो आधीच. तेव्हा नववी-दहावीच्या वर्गात गल्याथाची गोष्ट सांगतो, तशी उरियाचीही सांगू या.