पोसणारा हात

ज्याला अखेरीस मारायचेच आहे त्याला मायेने पोसणे, ही करुणा म्हणावी की आत्मवंचना? राज्य शासनाच्या रेशीम विभागात आयुष्य घालवूनही हा प्रश्न मला कधी पडला नाही. निवृत्तीनंतर एकदा आजीच्या रेशमी सोवळ्याची घडी मोडताना तो पडला.

माझी नेमणूक बरीच वर्षे हिंदुपूर परिसरात होती. तुतीच्या पाल्यावर वाढणारी रेशीम अळी चार वेळा कात टाकते आणि साधारण २५ दिवसांत तिचे वजन सुमारे १०,००० पटींनी वाढते. रेशीम हे मुळात प्रथिनच. म्हणून पाल्यावर सोयाबीनचे पीठ वा स्पिरुलिना या शेवाळाची पूड भुरभुरावी, मधाचे पाणी शिंपडावे, म्हणजे अळी धष्टपुष्ट होऊन कोष जड भरतो, असे प्रयोग पुष्कळ झाले. मात्रा मात्र बेताची हवी. अति झाले की लाभ उलटतो. हे सारे आम्ही शेतकऱ्यांना उत्साहाने समजावीत असू.

तिथल्या एका घरची गृहिणी मध्यरात्री उठून अळ्यांना कोवळा पाला चिरून घाली. तिच्या बोलीत ती त्यांना लेकरेच म्हणे. तिची माया खोटी नव्हती. तरीही पतंग बाहेर पडण्यापूर्वी कोषातला जीव वाफेने वा उष्ण हवेने मारला जातो. कारण त्याने कोष भेदला की शेकडो मीटर लांबीचा अखंड धागा तुटतो. पोसणारा हात एक, मारणारा दुसरा, नेसणारा तिसरा. दोष असा वाटला गेला की कोणाच्याच वाट्याला आल्यासारखा वाटत नाही.

आमच्या नोंदवहीत कोषाचे वजन, कवचाचे वजन, धाग्याची लांबी असे रकाने असत. ‘वाढ सुधारली’ असा शेरा मी कितीदा तरी लिहिला. ती वाढ कोणाच्या हिताची, हे विचारणारा रकाना नव्हता.

हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन रिकाम्या कोषांचे सूत कातण्याची वाट दाखविली. हा यत्न आदरणीय खरा. पण हजारो वर्षांच्या पाळीवपणाने त्या पतंगाला धड उडताही येत नाही. तो काही खात नाही आणि थोड्याच दिवसांत मरतो. मादी ३०० ते ५०० अंडी घालते. त्या साऱ्या पिलावळीला तुती कोण पुरविणार? हिंसा इथेही पुरती सुटत नाही.

रेशीम वर्ज्य करा, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्याच उद्योगावर माझे घर चालले, आणि शेकडो कष्टकऱ्यांची चुलही त्यावरच पेटते. आपल्या लाभासाठी केलेल्या जोपासनेला दया हे नाव देऊ नये, एवढेच मला म्हणावयाचे आहे. नाव खरे दिले की कर्तव्यही उमगते: हाती आहे तोवर त्या जीवाला उपाशी ठेवू नये, रोगात सडू देऊ नये, आणि त्याने दिलेले वस्त्र उधळमाधळीने वापरू नये.

आजीचे सोवळे मी आजही पूजेला नेसतो. पूर्वी ते नेसताना पवित्र झाल्यासारखे वाटे. आता ऋणी असल्यासारखे वाटते, आणि पूजेला बसताना ती भावनाच मला अधिक योग्य वाटते.